कातडी परत येते, डोळ्यांवर पहारा ठेवा

प्रश्न : डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याला दोनदा आकडी आली, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिनच्या गोळ्या चालू केल्या. गोळी चुकू नये म्हणून रोज मी स्वतः समोर उभी राहून द्यायची. सतराव्या दिवशी ताप आला, घसा धरला, डोळे लाल झाले. व्हायरल असेल असं सगळ्यांना वाटलं. गोळी बंद केली तर परत आकडी येईल या भीतीनं आम्ही ती आणखी तीन दिवस चालूच ठेवली. मग छातीवर काळपट डाग उठले, तोंड आतून सोलवटलं, आणि पाठ पुसायला गेले तर कातडी हाताला आली. आज मोठ्या सरकारी दवाखान्यात आयसीयूत चौथा दिवस आहे. डॉक्टर ‘टेन’ म्हणतात. पस्तीस टक्के कातडी सुटलीय आणि स्कोअर दोन आहे म्हणे. मोबाईलवर वाचलं की यात तिघांतला एक जातो. वैशाखात त्याचं लग्न ठरलंय. आत्या म्हणते देवीचा कोप आहे, चुलते म्हणतात इथून काढून लेपवाल्याकडे न्या. तो वाचेल का? वाचला तर पहिल्यासारखा दिसेल का? आणि गोळ्या मीच दिल्या, मग हे माझ्या हातून झालं का?
– एक बहीण

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण या आजारात पुढच्या अंकाची वाट बघत बसता येत नाही. तुमचे तिन्ही प्रश्न मी नंतर घेतले. आधी एकच विचारलं, ‘डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले का?’ तुम्ही म्हणालात, ‘पहिल्या दिवशी आले होते, थेंब दिलेत. आता डोळे सुजून मिटलेलेच आहेत, त्यांचं नंतर बघू. आधी जीव वाचू दे.’ जीव टांगणीला लागलेलं कुठलंही घर असंच म्हणेल. तरीही, ‘आत्ताच सिस्टरना सांगा, उद्या सकाळच्या राउंडला डोळ्यांचे डॉक्टर हवेत, आणि रोज हवेत,’ असं मी तुमच्याकडून दोनदा वदवून घेतलं. का, ते पुढे सांगते. आता सगळं नीट आणि सविस्तर लिहिते आहे. तुमच्या परवानगीनं ते इथे छापलंही जातंय, कारण आकडीची, युरिक ॲसिडची किंवा सल्फाची गोळी नव्यानं सुरू झालेली माणसं कितीतरी घरांत आहेत.

आधी आजाराबद्दल. १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ताप, तोंड आल्यासारखी जखम, डोळ्यांची भयंकर जळजळ आणि अंगभर पुरळ अशी दोन मुलं पाहून नोंदवली. १९५६ मध्ये ॲलन लायेल या स्कॉटिश त्वचातज्ज्ञांनी याचंच अधिक उग्र रूप वर्णन केलं, ज्यात भाजल्यासारखी कातडी सुटते. आज आपण ही एकाच आजाराची दोन टोकं मानतो. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, ३० टक्क्यांपेक्षा जास्त सुटली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं ‘टेन’. मधलं ते मधलं. रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट पंजाएवढी जागा म्हणजे साधारण १ टक्का, असं मोजतात.

होतं काय, तर शरीरातल्या ज्या पेशी एरवी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, त्या औषधामुळे चवताळतात आणि कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला शत्रू समजून मारत सुटतात. तो थर मेला की ओल्या कागदासारखा खालून सुटतो. तोंड, डोळे, लघवीची वाट यांचं अस्तरही त्याच जातीचं, म्हणून तेही सोलवटतं. यात देवीचा काही संबंध नाही. आत्याबाईंना सांगा, खऱ्या देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली झाला, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. उलट आपल्यापासून त्याला जपायचं आहे, कारण त्याच्या अंगावर आता कवच उरलेलं नाही.

आता पहिला प्रश्न : वाचेल का.

तुम्ही वाचलेला ‘तिघांतला एक’ हा आकडा खोटा नाही. टेनमध्ये साधारण ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावतात, स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांच्या आत. पण त्या ३० टक्क्यांत सत्तरीचे आजोबा येतात, कॅन्सरचे रुग्ण येतात, किडन्या आधीच थकलेले येतात, दहा दिवस घरी लेप लावून आणलेलेही येतात. तुमचा भाऊ त्यांतला कोण, हे त्या सरासरीवरून कळत नाही. त्यासाठीच तो स्कोअर आहे. त्याचं नाव स्कॉर्टेन. २००० साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तो मांडला आणि आज जगभर वापरतात. सात गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला एक गुण द्यायचा : वय चाळिशीच्या पुढे, कॅन्सर, नाडी १२० च्या वर, सुरुवातीलाच १० टक्क्यांहून जास्त कातडी सुटलेली, आणि रक्तात युरिया वाढलेला, साखर खूप चढलेली, बायकार्बोनेट उतरलेलं. शून्य किंवा एक गुण असेल तर शंभरात साधारण ३ जण जातात. दोन असतील तर १२. तीनला ३५, चारला ५८, आणि पाच किंवा त्याहून जास्तला ९०.

तुम्ही फोनवर कागद वाचून दाखवलात. त्याचे दोन गुण नाडीचे आणि कातडीचे आहेत. साखर, युरिया, बायकार्बोनेट मर्यादेत आहे, वय २६ आहे. म्हणजे त्याच्यासारख्या शंभर जणांतले ८८ घरी जातात. त्या १२ जणांचं मी लपवणार नाही, आयसीयूतले तुमचे डॉक्टरही ‘अजून सांगता येत नाही’ म्हणतात ते त्यांच्यामुळेच. पण तुम्ही रात्री बाकावर बसून ‘तिघांतला एक’ घोकत होतात, त्यापेक्षा ही गोष्ट पुष्कळ वेगळी आहे. हा स्कोअर पहिल्या चोवीस तासांत काढतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याचा तिसऱ्या दिवशीही दोनच राहिला, चढला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

जातात ते कशानं, हेही सांगते, म्हणजे तुमच्या हातात काय आहे ते कळेल. सगळ्यात मोठं कारण जंतुसंसर्ग, जो उघड्या अंगातून रक्तात शिरतो. मग फुप्फुसं, मग किडन्या. म्हणून भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबवा. घरातलं एकच माणूस ठरवा, दोन फार तर, आणि तेही कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन, मास्क लावून. खोकला असलेल्या मामाला बाहेरूनच परत पाठवा, राग आला तर येऊ दे. अंगारा, हळद, तूप, कोरफड, कुठलाही लेप नको. उघड्या मांसावर घरचं काहीही लावणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. आणि इथून हलवायचं तर फक्त एकाच दिशेनं, यापेक्षा चांगला जळीत विभाग किंवा आयसीयू असेल तिकडे, तेही आत्ताच्या डॉक्टरांनीच ठरवलं तर. लेपवाल्याकडे अजिबात नाही. चुलत्यांना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

त्याला थंडी वाजत असेल. कातडी नाही म्हणजे अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही सतत बाहेर जातंय. खोली आपल्याला घाम फुटेल इतकी उबदार ठेवतात, ती तशीच हवी, एसी वाढवा म्हणू नका. आणि त्याचं पोट चालू राहिलं पाहिजे. तोंडानं जमत नसेल तर नाकातल्या नळीनं, पण अंडी, दूध, डाळीचं पाणी, डॉक्टर सांगतील ते प्रोटीन रोज ठरल्या मापानं गेलं पाहिजे. नवी कातडी विणायला सूत लागतंच.

औषधांबद्दल तुम्हाला वॉर्डात दोन मतं ऐकू येतील. कोणी सायक्लोस्पोरिन देतं, कोणी सुरुवातीचे थोडे दिवस स्टिरॉइड, कोणी इटॅनरसेप्ट, कोणी महागडं इम्युनोग्लोब्युलिन. यातलं कुठलं सगळ्यांत सरस यावर जगातल्या तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. त्यामुळे नेटवर वाचून ‘ते इंजेक्शन का नाही दिलं’ म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे त्या दोनच गोष्टी : कारण असलेलं औषध ताबडतोब बंद करणं आणि उत्तम शुश्रूषा. ती शुश्रूषा म्हणजे काय, हे आयसीयूच्या दाराबाहेरून दिसत नाही. एका रुग्णाची कूस बदलायला तीन माणसं लागतात. चादर अंगाला घासू नये म्हणून वर पिंजऱ्यासारखी कमान ठेवतात. चिकटणारी पट्टी कुठेही लावायची नाही, नाहीतर पट्टीबरोबर कातडी येते. बीपीचा पट्टादेखील दंडाला मऊ गुंडाळी करून मग बांधायचा.

आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत अशा रुग्णांना केळीच्या पानावर झोपवतात. तुमच्या वॉर्डात दिसलं तर दचकू नका, ती गरिबीची सोय नाही. पान गुळगुळीत, थंड, ओलं राहतं आणि जखमेला चिकटत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तयार करून त्याचा रीतसर अभ्यास केला आहे. मात्र ती पानं निर्जंतुक केलेली असतात. शेतातून कापून आणून थेट अंगाखाली घालायची नाहीत.

दुसरा प्रश्न : पहिल्यासारखा दिसेल का.

इथे मी तुम्हाला बरीच आनंदाची गोष्ट सांगू शकते. खोल भाजलं की कातडीचा सगळा थर जळतो, तिथे व्रण राहतो, कलम करावं लागतं. टेनमध्ये वरची साल जाते, खालची कातडी बहुधा शाबूत असते. तिच्यात केसांची मुळं असतात, घामाच्या ग्रंथी असतात, आणि त्या मुळांतून नव्या पेशी वर येऊन पसरू लागतात. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात आजाराची धाव थांबते, नवे फोड यायचे बंद होतात, आणि मग लाल, रसरशीत अंगावर पातळ, गुलाबी, चकाकणारा पापुद्रा बेटाबेटानं दिसायला लागतो. बहुतेकांचं अंग तीनेक आठवड्यांत झाकलं जातं. कलम करावं लागत नाही. ही कातडी कोणी आणून लावत नाही, ती त्याची त्यालाच येते. इतक्या वर्षांत कितीदा पाहिलं, तरी पहिलं बेट दिसलं की मी सिस्टरना हाक मारून दाखवते.

रंग मात्र लगेच जुळत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर काळे आणि पांढुरके चट्टे राहतात, ते फिकट व्हायला महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतात. ऊन टाळायचं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, डॉक्टर देतील ते सनस्क्रीन. नखं गळतील. ती परत येतात, कधी थोडी वाकडी येतात. उन्हाळ्यात घाम नीट येत नाही अशीही तक्रार पुष्कळजण करतात. लघवी करताना त्रास, बारीक धार असेल तर लाजू नको म्हणावं, लगेच सांगायचं. आणि ज्या घरात बाई रुग्ण आहे त्यांच्यासाठी एक वाक्य : योनीमार्गही आतून चिकटू शकतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिल्या आठवड्यातच तपासलं पाहिजे. लाजेपोटी हे कोणी विचारत नाही आणि मग आयुष्यभराचं दुखणं मागे राहतं.

आता डोळे. इथे मला थोडं थांबावं लागेल.

नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हा आमच्या वॉर्डात शिलाईकाम करणारी एक बाई आली होती. सल्फाच्या गोळ्यांनी तिचं निम्मं अंग सुटलेलं. आम्ही सगळ्यांनी जिवाचं रान केलं. ती वाचली. महिन्यानं स्वतःच्या पायांनी घरी गेली तेव्हा आम्ही पेढे वाटले. वर्षभरानं ती परत आली. कातडी सुरेख भरली होती, अनोळखी माणसाला ओळखू आलं नसतं. पण डोळ्यांवर ओला रुमाल धरलेला. आतून पापणी डोळ्याला चिकटली होती, पापण्यांचे केस आत वळून प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडत होते, आणि अश्रू जवळजवळ आटले होते. म्हणाली, ‘बाई, रडू येतं पण पाणी येत नाही.’ सुईत दोरा ओवायला तिला शेजारच्या पोरीला बोलवावं लागत होतं. त्या महिनाभरात आम्ही तिच्या पाठीचं ड्रेसिंग रोज केलं होतं. डोळ्यांत मलम घालून वर कापूस ठेवला होता. उघडून कोणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. तेव्हापासून या आजाराचा फोन आला की मी पहिला प्रश्न डोळ्यांचा विचारते.

वाचलेल्यांना पुढे सगळ्यात जास्त छळतं ते हेच, आणि ते ठरतं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, जेव्हा सगळ्यांचं लक्ष नाडीवर आणि लघवीच्या पिशवीवर असतं. पापणीच्या आतलं अस्तर आणि डोळ्यावरचं अस्तर, दोन्ही सोललेली. दोन ओल्या जखमा एकमेकींना टेकून तासन्‌तास राहिल्या तर जोडल्याच जाणार. म्हणून रोज डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी उलटून बघायचं, डोळ्याला रंग घालून कुठे सोललंय ते तपासायचं, आणि चिकटायला लागलं असेल तर अलगद सोडवायचं. मध्ये दर तासा-दोन तासांनी थेंब, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. डोळ्याचं अस्तर बरंचसं गेलेलं असेल तर आणखी एक उपाय आहे. बाळंतपणात वारेबरोबर जो पातळ पारदर्शक पडदा येतो, तो तपासून, साठवून ठेवलेला असतो. तो डोळ्यावर आणि पापणीच्या आतून बसवतात. त्यानं दाह कमी होतो, चिकटणं टळतं. पण तो लवकर लावला तरच खरा उपयोग, शक्यतो पहिल्या आठवड्यातच. डोळे मिटलेत म्हणून थांबायचं नसतं. मिटलेत म्हणूनच उघडून बघायचं असतं.

घरी गेल्यावरही हा पहारा संपत नाही. कातडी बरी झाली की माणसं तपासणीला जायचं सोडतात, आणि डोळे मात्र पुढची कित्येक वर्षं हळूहळू बिघडत राहू शकतात. उजेड सहन न होणं, खुपणं, सतत लाली, सकाळी पापण्या चिकटणं, यातलं काहीही असलं तर जायचंच. आणि समजा बिघाड झाला, तरी आज पूर्वीसारखं हात टेकायची वेळ नाही. ओठाच्या आतलं अस्तर काढून पापणीच्या कडेला लावतात, त्यानं बुबुळाचं खरवडणं थांबतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, आत पाणी धरून ठेवणारी मोठी लेन्स मिळते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचा या रुग्णांबाबतचा अनुभव मोठा आहे आणि पैसे नसलेल्यांवरही तिथे उपचार होतात. आमच्या त्या शिवणकामवाल्या बाईंच्या वेळी यातलं काहीच आमच्या हाताशी नव्हतं.

तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्रातलं तुमचं अक्षर तिथेच हललंय.

ताई, कार्बामाझेपिन हे आकडीवरचं जुनं, चांगलं औषध आहे. जगभर लाखो माणसं ते घेतात आणि त्यामुळे शेतात, गाडीवर, विहिरीवर आकडी येऊन मरायची वाचतात. नव्यानं सुरू करणाऱ्या दहा हजारांत साधारण १ ते ६ जणांना हा आजार होतो असे युरोपीय वंशाच्या लोकांतले आकडे आहेत, आशियातल्या काही समाजांत त्याहून जास्त. २००४ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं की हान चिनी लोकांत एचएलए-बी १५:०२ नावाचा जनुकप्रकार असेल तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिथे आता आधी रक्त तपासतात. आपल्याकडे ही तपासणी सर्रास होत नाही. म्हणजे धोका बहुधा त्याच्या रक्तात जन्मापासून होता, आणि तो तुम्हाला, त्याला, डॉक्टरांना, कोणालाच दिसत नव्हता. तुम्ही गोळी चुकू दिली नाहीत. आकडीच्या रुग्णाच्या बहिणीनं नेमकं तेच करायचं असतं.

ते तीन दिवस? खोटं सांगून समजूत काढणार नाही. औषध जितक्या लवकर बंद होईल तितकी जगण्याची शक्यता वाढते, हे सिद्ध झालेलं आहे. ते तीन दिवस गेले नसते तर बरं झालं असतं. पण ताप, घसा, लाल डोळे याला व्हायरल समजणं ही चूक अनुभवी डॉक्टरांकडूनही होते, आणि आकडीची गोळी मनानं बंद करू नये हे तुम्हाला त्याच डॉक्टरांनी बजावलं होतं. माहीत नसलेल्या गोष्टीची शिक्षा स्वतःला देऊ नका. त्याऐवजी ती माहिती पसरवा. कुठल्याही घरात आकडीवरची फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, एचआयव्हीवरची नेव्हिरापिन किंवा पायरॉक्सिकॅम-मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी नव्यानं सुरू झाली असेल, तर पहिले दोन महिने डोळे उघडे ठेवा. ताप आणि त्याबरोबर डोळे लाल, तोंडात जखमा, किंवा दुखरे लालसर-काळपट डाग दिसले तर गोळ्यांची पट्टी हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका. आकडीची गोळी असेल तर ती बंद करून लगेच दुसरी द्यावी लागते. म्हणून घरी बसून निर्णय घ्यायचा नाही, पण वाटही बघायची नाही. आणि ज्यांना महिनोन्‌महिने ही औषधं व्यवस्थित चालू आहेत त्यांनी हे वाचून घाबरून बंद करू नयेत. त्यांचा धोक्याचा काळ मागे पडलाय.

लग्नाचं. वैशाख सोडा, पुढच्या वर्षाचं बघा. मुलीकडच्यांना सगळं सांगा, पण तुम्हीच सांगा, चावडीवरून कळू देऊ नका. दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगा : एक, त्याला आकडीचा आजार आहे आणि त्यावर दुसरं औषध चालू आहे. दोन, पहिल्या औषधाची रिअॅक्शन आली होती, ती संपली की संपली, ती संसर्गानं लागत नाही, महारोग नाही, कोड नाही. मुलगी त्याला भेटायला येईन म्हणाली तर आयसीयूत नको, अंग झाकलं गेल्यावर येऊ दे. तिनं नाही म्हटलं तर तोही तिचा हक्क आहे, तिला बोल लावू नका.

त्याच्या मनाकडेही लक्ष द्या. तो शुद्धीवर आहे. स्वतःची कातडी चादरीला राहिलेली त्यानं पाहिली आहे. यातून उठलेली माणसं रात्री ओरडून जागी होतात, साधी तापाची गोळी हातात घ्यायला घाबरतात. ‘वाचलास ना, मग आता कशाला रडतोस’ असं म्हणू नका. बोलू दे. महिना-दोन महिन्यांत कमी झालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

डिस्चार्जच्या दिवशी कागदावर तीन गोष्टी लिहून मागा. कारण ठरलेल्या औषधाचं मूळ नाव, दुकानातलं नाव नव्हे. त्याच कुळातली जी औषधं त्यानं पुन्हा कधीच घ्यायची नाहीत त्यांची यादी. कार्बामाझेपिनला हे झालं तर फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन हीसुद्धा टाळतात. आणि आता आकडीसाठी काय चालू आहे ते. फोनवर तुम्ही लेव्हेटिरॅसिटाम वाचून दाखवलंत, ते त्या कुळातलं नाही. हा कागद मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या पाकिटात कायमचा ठेवा. दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी दाखवायचा. असा जनुकप्रकार सख्ख्या भावंडांत असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून तुम्हीही कधी कार्बामाझेपिनची वेळ आली तर ‘भावाला हे झालं होतं’ हे आधी सांगा. आणि डॉक्टरांना विचारा, ही रिअॅक्शन औषध-दक्षता केंद्राला कळवली का. नसेल तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर तुम्हीही कळवू शकता. खर्चाचं काही अडलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेचे कागद तोच बघतो.

हे लिहीत असताना तुमचा परत फोन आला. आज अकरावा दिवस. दुसऱ्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्या उलटून बघितलं. उजवीकडे चिकटायला सुरुवात झाली होती, ती सोडवून दोन्ही डोळ्यांवर पडदा बसवला. तीन दिवसांत नवा फोड नाही. डाव्या खांद्यावर गुलाबी काहीतरी चकाकतंय आणि तो पू तर नाही ना, असं तुम्ही घाबरून विचारलंत. नाही ताई, तो पू नाही. त्याला हात लावू नका, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा की तो पडदा आणखी किती दिवस टिकेल, आणि विरघळला तर दुसरा कधी लावायचा.